उजवी बाजू कोरी

माझी सुमी तेव्हा तीन वर्षांची होत आली होती आणि तिनं अजून एक शब्द उच्चारला नव्हता. 'आई' नाही, 'बाबा' नाही, साधं 'दूदू' नाही. हिला ऐकूच येत नाही, की ऐकू येतं पण आपल्याशी बोलावंसं वाटत नाही? या एका प्रश्नापायी मी कितीतरी रात्री टक्क जागून काढल्या. नवरा पुलगावच्या गिरणीत कारकून, शनिवारी यायचा. त्याला विचारलं की म्हणायचा, "बोलेल." बस! काळजीची वाटणी तेवढीच.

आणि त्याच काळात दिवसभर मी काय करत होते, सांगू? नेहमीच्या इंग्रजी शब्दांचं आणि वाक्यांचं स्पॅनिश लिहून घेत होते! मॅट्रिक पहिल्या वर्गात पास झालेली बाई. सातासमुद्रापलीकडच्या माणसांच्या तोंडी शब्द घालायला निघालेली, आणि पोटच्या पोरीकडून एक 'आई' वदवून घेता येईना. हसा तुम्ही. मीही हसायची, कोणी बघत असलं तर.

आमच्याकडे कापसाच्या दिवसांत नुसतं रस्त्यानं चालत गेलं तरी पदराला तंतू चिकटतात. झटकून घरी यावं, तर उंबऱ्यात कोणीतरी म्हणतंच, "अजून दोन राहिलेत." आमच्या संस्थेतले किस्से तसेच. मी काही गोळा केले नाहीत, ते चिकटलेत. बहुतेक मी कोणालाही हसत सांगते. शेवटचा मात्र जिला सांगायला हवा, तिलाच अजून सांगितलेला नाही.

*

संस्था वर्ध्याहून सेलूकडे जाणाऱ्या रस्त्यावर. काम सूतकताईचं. उमाठे मास्तर व्यवस्थापक. धोतराला कधी सुरकुती नाही आणि डोक्यातल्या कल्पनेला कधी लगाम नाही.

एक दिवस पत्र आलं. हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतून दहा-बारा पाहुणे चरखा शिकायला येणार, त्यांना स्पॅनिशशिवाय काही येत नाही. आमच्याकडे स्पॅनिश येणारी एकच, इनेसबाई. ती तिकडूनच आलेली, पंचविशीची, आमच्यासारखीच खादीचं पातळ नेसून रोज सूत कातणारी. इंग्रजी अगदी स्वच्छ.

मास्तर म्हणाले, "आपल्याला इंग्रजी येतं, पाहुण्यांना स्पॅनिश. मधे इनेसबाई आहेतच, पण त्या पोळ्याआधी परत जाणार. कुसुमताई, तुम्ही कार्डं लिहा!"

कार्डाच्या डावीकडे मी इंग्रजी वाक्य लिहायची. इनेसबाई त्याचं स्पॅनिश सांगायची. ते मी ऐकू येईल तसं उजवीकडे देवनागरीत उतरवायची. सुमी टेबलाखाली बसलेली असायची, हातात मोडकी टकळी घेऊन.

वाक्यांची यादी मास्तरांनी स्वतःच्या लहानपणच्या इंग्रजी पुस्तकातून काढली होती. पहिल्याच दिवशी निघालं, 'इट इज स्नोइंग'. महिना मे! वाळ्याच्या ताट्यांवर मारलेलं पाणी बघता बघता सुकत होतं. इनेसबाईनं कपाळावरचा घाम पुसला आणि गंभीरपणे सांगितलं, "एस्ता नेवान्दो."

मी लिहिलं खरं, पण राहवेना. "मास्तर, वर्ध्यात बर्फ?"

"असू द्या हो. कार्डाला काय खायला घालावं लागतं?"

आम्ही दोघी हसत असताना माझा पदर खालून ओढला गेला. वाकून बघते तर सुमीनं तो खांद्यांभोवती गुंडाळून घेतलेला आणि ती कुडकुडत होती. ताप आला म्हणून कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. माठाला हात लावावा तसं गार.

*

मास्तरांचा एक नियम होता. "जे ऐकून माणूस हलत नाही, ते कार्ड कच्चं!" म्हणून प्रत्येक वाक्याची परीक्षा व्हायची. आदल्या दिवशी समजावलेली वाक्यं दुसऱ्या दिवशी इनेसबाईनं स्पॅनिशमधे म्हणायची आणि समोरच्यानं त्याप्रमाणे करायचं. केलं, की कार्ड बिस्किटाच्या डब्यात. परीक्षेला बसायची गोदाबाई, आमची स्वयंपाकीण. तिला ना इंग्रजी, ना स्पॅनिश, ना कोणाची भीती.

पहिलं वाक्य होतं 'मला पाणी द्या'. गोदाबाईनं पाणी आणलं. टाळ्या!

दुसरं होतं 'स्टेशन कुठे आहे?' गोदाबाईनं पाणी आणलं. तिसरं 'शुभ प्रभात'. पाणी. 'माझी छत्री हरवली आहे.' पाणी!

मास्तर वैतागले. "गोदाबाई, ऐकून घ्या तरी!"

"मास्तर, तुमीच सांगा," गोदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इतक्या दुरून माणूस येईन तं पहिलं काय मांगन? पाणीच तं मांगन! बाकीचं मंग पाहू."

गोदाबाईची परीक्षक म्हणून नेमणूक रद्द झाली. हे तिचं पाणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

'चटणी' या शब्दाला स्पॅनिश काय, यावर इनेसबाई अडली. "आधी मला चाखू दे," म्हणाली. गोदाबाईनं खलबत्त्यातला ताजा ठेचा भाकरीवर घालून दिला. इनेसबाईनं मोठा घास घेतला, डोळे विस्फारले आणि ओरडली, "माद्रे मिया!"

मी आज्ञाधारक. उजवीकडे लिहून टाकलं, माद्रे मिया.

दोन दिवसांनी कार्ड बघून ती पोट धरून हसली. "कुसुम, हे चटणीचं नाव नाही! याचा अर्थ, आई गं!"

मी म्हटलं, आमच्याकडेही ठेचा खाल्ल्यावर माणूस हेच म्हणतो, तर राहू दे की! दोघींना हसू आवरेना. मग ती एकाएकी थांबली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कुठल्याही भाषेत तिखट लागलं की आईच आठवते, नाही?"

टेबलाखाली सुमीची टकळी फिरायची थांबली होती.

*

पुढचं कार्ड होतं 'कम हिअर', इकडे ये. इनेसबाईनं नेहमीच्या आवाजात म्हटलं, "वेन अकी."

सुमी टेबलाखालून निघाली, तिच्यापाशी जाऊन उभी राहिली आणि मान वर करून बघू लागली.

माझी लेखणी हातातून पडली. अहो, वर्षभर 'ये गं, ये गं सोन्या' करून माझा घसा कोरडा पडला होता! पितळेची थाळी तिच्या कानामागे वाजवून झाली होती, तरी पापणी लवली नव्हती.

इनेसबाईनं पुन्हा करून बघितलं. "सिएन्ताते." सुमी मांडी घालून बसली. "सिएर्रा ला पुएर्ता." सुमी उठली आणि तिनं दार लावलं.

मला रडूच फुटलं. ऐकू येतंय! माझ्या लेकराला ऐकू येतंय! त्या दिवशी मी इनेसबाईला मिठी मारली.

घरी गेल्यावर दारात उभी राहून मी म्हटलं, "वेन अकी." सुमीनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. कीव करावी तसं. जागची हलली नाही. मी स्वतःची समजूत घातली, माझा उच्चार कच्चा असेल.

मग लक्षात आलं. सिएन्ताते आणि दाराचं वाक्य, ही कार्डं आम्ही अजून केलीच नव्हती. इनेसबाईनं ती त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारली होती. मग बस म्हणजे काय आणि दार म्हणजे काय, हे सुमीला सांगितलं कोणी?

*

बातमी आर्वीला सासूबाईंपर्यंत पोचलीच. दिराच्या अक्षरात पत्र आलं. "तुमच्या त्या फिरंगी बोलीनं लेकराची जीभ बांधली. पोळ्याले मी येईन. तवरोक पोरगी बोलली तं ठीक. नाई तं तिले आर्वीले नेईन. मंग बसा कार्डं लिहत."

पत्र वाचून मला राग यायला हवा होता. पण मला वाटलं, खरं असेल तर? कार्डांच्या नादात मीच हिचं काही बिघडवलं असेल तर? दुसऱ्या दिवशी सुमीला घरी शेजारणीकडे ठेवून गेले. ती दुपारपर्यंत दाराकडे तोंड करून बसून राहिली. जेवली नाही. तिसऱ्या दिवशी परत टेबलाखाली.

*

श्रावणातली दुपार होती. पाऊस थांबून नुसता पांढरा उजेड पडलेला. मास्तर देवळीला गेले होते, इनेसबाई पत्रं टाकायला वर्ध्याला. खोलीत मी आणि सुमी. मी मान खाली घालून कार्डं उतरवत होते.

सुमी टेबलाखालून निघाली. दाराशी गेली आणि तिनं दार लावलं.

मी काहीच म्हटलं नव्हतं.

मग ती कोपऱ्यातल्या वेताच्या रिकाम्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. मान वर केली. परत आली, माठाखालचं फुलपात्र घेतलं, दोन्ही हातांनी सांभाळत खुर्चीपाशी नेलं आणि वर धरलं. तशीच उभी राहिली. कोणी सावकाश पाणी पितंय आणि भांडं परत मिळायची वाट बघायची आहे, तशी. थोड्या वेळानं तिनं फुलपात्र जागेवर ठेवलं आणि टेबलाखाली जाऊन बसली.

मी उठून बघितलं. भांडं तळापर्यंत कोरडं होतं. जमिनीवर एक थेंब नाही. तिनं भरलं होतं की रिकामंच नेलं होतं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

तशीच स्वयंपाकघरात गेले आणि गोदाबाईला सगळं सांगितलं. वाटलं, ती 'येड्या झाल्या काय ताई' म्हणेल. मला तेच ऐकायचं होतं.

तिनं भाकरी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "मी म्हटलं नोतं काय? दुरून येते थे पहिलं पाणीच मांगते."

*

त्यानंतर चार दिवसांनी गोदाबाई सुमीला भात भरवत होती. तिनं सुमीचा हात नाकाशी नेला आणि मला हाक मारली.

"ताई, पोरीले संत्रं काऊन देल्लं? खोकला होईन ना."

"संत्रं? श्रावणात?"

मी वास घेतला. बोटांना संत्र्याच्या सालीचा वास येत होता. साल नखानं सोलल्यावर जो झोंबरा वास राहतो, तो. आमच्याकडे संत्र्याला तोटा नाही, पण त्याचे दिवस असतात. त्या महिन्यात बागांमधे पिकलेलं एक फळ मिळालं नसतं. बाजारातही नव्हतं.

मी साबणानं तिचे हात धुतले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तोच वास. गोदाबाईनं चुलीपुढे मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मी सुशिक्षित, म्हणून मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. फक्त, 'थोडी मोहरी अजून घ्या,' एवढंच म्हटलं.

*

पोळा दहा दिवसांवर आला असताना यादीतलं जवळजवळ शेवटचं कार्ड आलं. मी डावीकडे लिहिलं, 'वेट फॉर मी हिअर'. माझ्यासाठी इथेच थांब. आणि लेखणी उजवीकडे नेऊन वाट बघू लागले.

इनेसबाई काही बोलेना.

"अवघड आहे का?"

"नाही. अगदी सोपं आहे." ती कार्डाकडे बघत होती. "हे नको. पाहुण्यांना हे लागणार नाही."

मी काही विचारलं नव्हतं. तरी तिनं सांगितलं, सूत कातताना बोलतात तसं, डोळे वर न करता. ती सात वर्षांची होती. तिच्या जन्मदेशात लढाई सुरू होती आणि माणसं मिळेल त्या बोटीनं पळत होती. बंदरावर एका बाकावर आईनं तिला बसवलं. हातात एक संत्रं दिलं. 'इथेच थांब, सावकाश खा, संपेपर्यंत मी आलेच,' असं म्हणून ती पाव शोधायला गेली.

"मी खूप सावकाश खाल्लं, कुसुम. एकेक फोड. मग सालं पण खाल्ली. दिवे लागले तरी आई आली नाही. मग एक बाई आली, तिच्या हातात मुलांची यादी होती. तिनं माझा हात धरला आणि दक्षिण अमेरिकेच्या बोटीवर चढवलं. मला अजून कळलेलं नाही, आई आलीच नाही, की मला तिथंच टाकून जायचं तिनं आधीच ठरवलं होतं."

मी सुमीच्या बोटांबद्दल तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण काय सांगणार? पुरावा काय, तर एका मुक्या पोरीच्या हाताचा वास? ती दुखावली तर? की मलाच वेडी ठरवेल? दोन भाषा समोर असून मी तिसरीच वापरली. गप्प बसले.

कार्डाची उजवी बाजू कोरी राहिली.

पोळ्याच्या आठवडाभर आधी इनेसबाईची जायची वेळ झाली. टांग्यात बसण्यापूर्वी तिनं सुमीला उचलून पापा घेतला. सुमीनं तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या खांद्यावरून मागे, टांग्याच्या रिकाम्या बाजूकडे बघत राहिली. इनेसबाई मला म्हणाली, "बोलेल ती. बोलली की पहिला शब्द मला कळव हं. नक्की!"

मी म्हटलं, "नक्की."

*

सासूबाई पोळ्याच्या दिवशी आल्या, सुमीसाठी चाकं लावलेला लाकडी बैल घेऊन. सुमी बैलाशी खेळली, पण बोलली नाही. सासूबाईंनी 'आजी म्हण, माय म्हण' करून बघितलं. गूळ दाखवून बघितलं. रागावून बघितलं. शेवटी त्यांचेच डोळे भरून आले. "सूनबाई, मले हौस नाई हो लेकरू तोडायची," म्हणाल्या. "पन इथं ठेवून काय होऊन राह्यलं, तूच सांग."

मी उठले आणि सुमीचे कपडे पिशवीत भरायला लागले.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातली सगळी पोरं आपापले लाकडी बैल ओढत मारुतीच्या पाराकडे निघालेली, नुसता चाकांचा खडखडाट. आणि आम्ही तिघी संस्थेच्या फाटकाशी आर्वीच्या मोटारीची वाट बघत. सुमीचे कपडे एका पिशवीत मावले होते. सासूबाई गोदाबाईकडून वाटेतल्या पोळ्या बांधून घ्यायला आत गेल्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, बैल कचेरीत राहिला.

मी सुमीला फाटकाजवळच्या बाकावर बसवलं. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. गाल कुरवाळून म्हटलं, "सुमे, इथंच थांब हं. मी बैल घेऊन आलेच."

कचेरीत बैल टेबलावर होता. त्याच्या पायाशी ते कार्ड. डब्यात जायला अपात्र ठरलेलं, एकटंच पडलेलं. डावीकडे माझं अक्षर. वेट फॉर मी हिअर.

मी आत्ता काय बोलून आले?

पळत सुटले. निऱ्या पायात आल्या, उंबऱ्याला ठेच लागली, बैलाचं एक चाक निघून कुठेतरी घरंगळत गेलं.

सुमी बाकावर होती. बसवली होती तशीच. फक्त ती सरकून एका कडेला झाली होती, शेजारी कोणाला जागा करून द्यावी तशी. मान त्या रिकाम्या जागेकडे वर केलेली. भोवती संत्र्याच्या सालीचा वास इतका दाटला होता की माझ्या मागून आलेल्या सासूबाई थबकल्या आणि म्हणाल्या, "कोन सोललं वं संत्रं?"

सुमीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. मला ते लगेच ओळखू आलं. इनेसबाई बोलायची तेव्हा लिहिण्यापूर्वी मीही तशीच करायची. आधी नीट ऐकून घ्यायचं, ओठांतल्या ओठांत फिरवायचं, आणि मगच उतरवायचं.

मी गुडघ्यांवर बसले. "सुमे? काय गं बाळा? काय म्हणतेस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग इनेसबाईचा टांगा गेला होता त्या रस्त्याकडे बघितलं. आणि गोदाबाईच्या बोलीत, एकही अक्षर न अडखळता, माझी लेक आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली.

"थे म्हणते, मी वापस आलती. बाकावर तूच नव्हती."